वन्सं, मी आणि पाणमोज्या

७ ऑक्टोबर, मंगळवार

दैनंदिनी लिहायची ही माझी पहिलीच खेप. बोटीची तिकिटं आणि ही वही, दोन्ही मुलाने एकदमच हातात ठेवलं. म्हणाला, आई, दुकान बंद झाल्यापासून तू दिवसभर भिंतीशी भांडतेस, त्यापेक्षा नदीवर जा आणि मनात येईल ते वहीत लिही. मी भिंतीशी भांडत नाही. तिला ओल आली आहे एवढंच म्हणते.

तर आज दुपारी बोटीत चढलो. आम्ही दोघी, म्हणजे मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. नवरा गेला तेव्हा मी एकोणतीस वर्षांची, मुलगा चारचा आणि वन्सं तेवीसच्या. त्याच वर्षी पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान काढलं. बेतणं-कापणं माझं, शिवणं वन्संचं. चौतीस वर्षं एका घरात, एका मेजाच्या दोन बाजूंना. नणंद-भावजयींच्या भांडणाच्या गोष्टी लोक रंगवून सांगतात, पण आमच्या घरात आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. अजूनही एकमेकींना अहो-जाहोच करतो.

दोन आठवड्यांचा प्रवास आहे. नदीने वर डोंगरापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत. केबिन लहान पण नेटकी. दोन पलंग, एक खिडकीशी आणि एक दाराशी. खिडकीशी वारा लागतो आणि वन्संना सर्दी पटकन होते, म्हणून खिडकीचा मी घेतला. जेवणघरात वाढपी विचारायला आला, चहा की कॉफी. मी सांगितलं, मला चहा, यांना कोमट पाणी. कॉफीने त्यांची झोप उडते. वन्संना काय हवं ते मला त्यांच्याआधी कळतं. त्या हसल्या आणि बाहेर पाण्याकडे बघत बसल्या.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी नदी दोन उभ्या कड्यांमधून गेली. कडे इतके जवळ, की वाटावं डेकवरून हात लागेल. पाणी गडद हिरवं आणि वर कपारीत पांढरे पक्षी ओळीने बसलेले, दोरीवर रुमाल वाळत घातल्यासारखे.

मग एका गावाच्या धक्क्याला लागलो. गावाच्या डोक्यावर जुना मठ, दोनशे सत्तर पायऱ्या. वन्संचा डावा गुडघा दुखतो. मी म्हटलं, तुम्ही खाली बाकावर बसा, मी बघून येते आणि तुम्हाला सांगते. मठाचं सगळं छत रंगवलेलं आहे. गाइड म्हणाला, चित्रकार अकरा वर्षं फळीवर उताणा पडून रंगवत होता. मी मान वर करून बघितलं आणि मनात आलं, अकरा वर्षं त्याला जेवायला वर कोण नेऊन देत असेल. त्याचं नाव काही गाइडने सांगितलं नाही.

खाली आले तर बाक रिकामा. पाहते तर वन्सं धक्क्याच्या पार खालच्या पायरीवर, पाण्याला लागून, एका माणसासाठी रंगाचा डबा धरून उभ्या. तिथे दगडी भिंतीवर आकड्यांची उभी पट्टी आहे, नदीला पाणी किती ते तिच्यावरून वाचतात. तो माणूस पुसट झालेले आकडे काळ्या रंगाने पुन्हा काढत होता. आमच्याच बोटीवरचा निघाला. यंदा पाणी फार उतरलंय, म्हणून कप्तान त्याला बरोबर घेतो. प्रत्येक धक्क्यावर तो पट्टी वाचतो आणि बोट पुढे जाईल की नाही ते सांगतो. आधी नदीच्या कचेरीत होता, आता निवृत्त. तरी काम तेच करतो. साठीचा, काटकुळा, नखांत रंग. खुर्ची गेली, नदी राहिली, असं काहीतरी म्हणाला. शहाणपणाची वाक्यं पाठ करून ठेवणारी माणसं असतात, त्यातला दिसतो.

मी त्याचं नाव पाणमोज्या ठेवलं. वन्संना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

त्यांच्या बोटाला रंग लागला होता. मी बोटीवरून रॉकेल मागून आणलं आणि स्वच्छ पुसून काढला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज राजवाडा. आरसे, झुंबरं, सोन्याच्या मुलाम्याच्या खुर्च्या, सगळं दोरीपलीकडे. मला त्यात रस नव्हता. पण शेवटच्या दालनात काचेआड राजाचा समारंभाचा झगा ठेवला आहे, तीनशे वर्षांपूर्वीचा. गाइड जरीबद्दल बोलत होता. मी बाही बघत होते. उजवी बाही उलटी बसवली आहे. पुढचा फुगवटा मागे गेलाय. तीनशे वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, राजाच्याही नाही. मला इतका आनंद झाला की कधी एकदा वन्संना सांगते असं झालं. त्यांच्याशिवाय ही गंमत कळणार कुणाला?

वन्सं वाड्यात आल्याच नव्हत्या. गुडघा, म्हणाल्या. मी खाली धक्क्यावर धावतच आले आणि बाहीचं सांगितलं. त्यांनी ऐकलं, हो का, म्हणाल्या, आणि लगेच म्हणाल्या, "वहिनी, तो तीन मी काढलाय. बघा."

भिंतीवर तीन होता. चांगला होता, खोटं का सांगू. तीनचं पोट काढताना भल्याभल्यांचा ब्रश लटपटतो, पण वन्संचा हात काज करणारा हात आहे. पाणमोज्या मला म्हणाला, तुमच्या नणंदेचा हात फार स्थिर आहे. तीस वर्षं त्या हाताने शिवलेले कपडे अर्ध्या गावाच्या अंगावर आहेत, आणि हा मला सांगतो. कानामागून आला आणि तिखट झाला.

त्याच्या सदऱ्याची कॉलर उलटवून पुन्हा शिवलेली आहे. टाके हातभर लांब. स्वतःच शिवली असणार. वन्सं म्हणाल्या, बायको जाऊन नऊ वर्षं झाली त्यांची. मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत? त्या म्हणाल्या, मी विचारलं.

वन्सं कुणाला काही विचारत नाहीत. गिऱ्हाइकालासुद्धा मापाचं काही विचारायचं तर मला खूण करतात.

मला काळजी वाटते. भोळ्या आहेत त्या.

११ ऑक्टोबर, शनिवार

लिहिण्यासारखं काही नाही. दिवसभर दोन्ही काठांना फळबागा, टेकडीवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या. वन्सं डेकवर. तोही डेकवर. मी केबिनमध्ये. पोटात दुखतंय. कालच्या जेवणातलं काहीतरी बाधलं असावं.

संध्याकाळी जेवणघरात वाढपी आला तेव्हा मी सवयीने म्हटलं, यांना कोमट पाणी. वन्सं म्हणाल्या, "नको, कॉफी आणा." वाढप्याने माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार? कॉफी आली. पाणमोज्या समोरच बसला होता, तो काहीतरी सांगत होता, पुराच्या वर्षी एक बोकड कसा पट्टीच्या वरच्या टोकावर जाऊन बसला आणि कचेरीत नोंद काय करायची यावरून दोन साहेबांत कसं जुंपलं. वन्सं तोंडावर हात न ठेवता हसल्या. त्यांची मागची दाढ नाहीये ती दिसली. दाढ काढायला नेलं ते मी. रात्रभर गालाला शेक दिला तो मी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा असतो.

रात्री त्यांना ढाराढूर झोप लागली. मीच जागी.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते खरं खरं लिहिते. मुलगा म्हणाला होता, मनात येईल ते लिही.

सकाळी अकराला मोठं गाव लागलं. पाणमोज्या इथलाच. इथून वर नदी खोल आहे, त्यामुळे बोटीला त्याचं काम नाही, तो उतरला. परतीच्या वेळी पाणी किती आहे ते तो रोज सकाळी आठला कप्तानाला फोनवर सांगणार. उतरताना त्याने वन्संना नमस्कार केला, मलाही केला. सुटलो, असं मला वाटलं. पोटदुखी थांबली.

दुपारी दोनला वन्सं अंघोळीला गेल्या होत्या. वाढपी दारात आला, हातात घडी केलेला कागद. आकडेवाल्या बाईंसाठी आहे, म्हणाला. मी म्हटलं, मी देते.

वाचला. अक्षर सुरेख आहे, आकड्यांसारखंच. लिहिलं होतं:

"आकडेवाल्या बाई, पाणी उतरलंय तोवर खालचे आकडे उघडे आहेत. अजून दोन महिने. मग पुन्हा बुडतील. एकवीस धक्के आहेत, मला एकट्याला होणार नाहीत. माझ्या बहिणीच्या घरी माडीवरची खोली रिकामी आहे. पटत असेल तर चार वाजता जुन्या पुलाखाली या, मी तिथे रंगवत असेन. नाही आलात तर पुन्हा विचारणार नाही. तुम्हाला अवघडून टाकायचं नाही."

एकवीस धक्के म्हणे. मी काल जन्मले नाही.

कागद या वहीत ठेवला. वन्सं अंघोळ करून आल्या तर निळी साडी नेसल्या, मुलाच्या लग्नातली. डेकवर जाऊन बसल्या, गावाच्या बाजूला तोंड करून. जुना पूल वळणापलीकडे आहे, तिथून दिसत नाही. मी विचारलं, कुणाची वाट बघताय? त्या म्हणाल्या, नाही हो, सहज. चार वाजले. साडेचार. मी शेजारी बसून माझ्या झंपराची बटणं घट्ट करत होते. सुईत दोरा तीनदा ओवावा लागला. सहाला बोट सुटली. पूल आला तेव्हा अंधारून आलं होतं, खाली कुणी नव्हतं, फक्त भिंतीवर ओले आकडे चमकत होते.

विसरले, असं म्हणता येईल. वय झालं की विसरतं माणूस.

आणि समजा चिठ्ठी दिली असती, तर काय भलं झालं असतं? सत्तावन्नाव्या वर्षी, अनोळखी गाव, अनोळखी माणूस. लोक काय म्हणतील ते सोडा. गुडघ्याचं काय? एकदा आधीही असं झालं होतं. वन्सं अठ्ठावीसच्या होत्या. कापडाच्या पेढीवरचा एक माणूस घरी आला, नीटनेटका, हातात टोपी. सरळ मला म्हणाला, तुमच्या नणंदेला मागणी घालायची आहे. दुकान नुकतं नावारूपाला येत होतं, शाळेचे सत्तर गणवेश शिवून द्यायचे होते, मुलाला गोवर. मी दारातच सांगितलं, त्यांचा लग्नाचा विचार नाही. तो गेला. वन्सं आत मशीनवर होत्या, त्यांना ते माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. मला ते तेव्हा चुकीचं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मग हे एवढं का लिहितेय कोण जाणे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सगळं पूर्वीसारखं झालं आहे. वन्सं माझ्याबरोबर सगळीकडे येतात. काल लाकडी सज्जे असलेलं गाव बघितलं, प्रत्येक घराचा वरचा मजला पाण्यावर झुकलेला, खिडक्यांवर कोरीव वेली. वन्सं म्हणाल्या, छान आहे. आज दगडी पूल. म्हणाल्या, छान आहे. जेवताना वाढप्याला मी सांगितलं, कोमट पाणी, त्या काही बोलल्या नाहीत. मी त्यांना राजाच्या उलट्या बाहीचं पुन्हा सांगितलं, नीट, हातवारे करून. त्या हसल्या. तोंडावर हात ठेवून.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. तरी जेवण जात नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज प्रवासाचं वरचं टोक. इथून बोट मागे वळणार. समोर डोंगर, त्यावरून तीन टप्प्यांत पडणारा धबधबा. गाइडने विचारलं, धबधब्याला चालत जायचं की गाडीने जाऊन जुन्या हस्तलिखितांचं ग्रंथालय बघायचं. मी वन्संना विचारलं, तुम्हाला काय आवडेल?

त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं."

हे उत्तर मी हजारदा ऐकलं आहे. भाजी कुठली करायची, भिंतीला रंग कुठला, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं. मला ते नेहमी गोड वाटत आलं. लोकांना मी कौतुकाने सांगायचे, आमच्या वन्संना स्वतःचं असं काही नाहीच हो. आज मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. अडवून धरणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण जसं "होईल, होईल" म्हणतो, कपड्यावरची नजर न उचलता, तसं त्या म्हणाल्या.

मी त्यांना डेकच्या मागच्या टोकाला नेलं, तिथे कुणी नव्हतं. कागद वहीतून काढून दिला.

त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"कधी आली ही?"

"रविवारी. दोन वाजता. तुम्ही अंघोळीला होतात."

"म्हणजे मी तिथे बसले होते तेव्हा तुमच्याकडे होती."

मी मान हलवली. माफ करा म्हणायचं होतं, पण आधी तोंडून निघालं, "मला तुमची काळजी."

वन्संनी कागदाची घडी केली, होती तशीच, त्याच घड्यांवर. मग म्हणाल्या, "वहिनी, हे दुसऱ्यांदा."

पहिलं कुठून कळलं, तेही त्यांनीच सांगितलं. कापडपेढीवरचा तो माणूस त्यांना तीन वर्षांनी दोऱ्याच्या दुकानात भेटला होता, बायको बरोबर होती. तो सहज बोलून गेला, तुमचा विचार नव्हता असं वहिनी म्हणाल्या, नाहीतर. तेवढंच. म्हणजे एकोणतीस वर्षांतली सव्वीस वर्षं वन्संना माहीत होतं. त्या सव्वीस वर्षांत आम्ही रोज एका मेजावर जेवलो.

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू रडली असतीस. मग मीच तुला समजावत बसले असते, आणि कपडे तसेच पडून राहिले असते."

तू म्हणाल्या. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. रागाने म्हणाल्या की कसं, ते मला कळलं नाही.

मग म्हणाल्या, "आणि खरं सांगू? मलाही तेव्हा जायचं नव्हतं. पोरगं लहान होतं, तू एकटी होतीस. त्याने मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. पण तो माझा नकार होता, वहिनी. तो तू देऊन टाकलास."

एवढं बोलून त्या धक्क्यावर टाकलेल्या फळीवरून उतरल्या आणि धबधब्याच्या वाटेला लागल्या. एकट्या, दुखऱ्या गुडघ्याने, चढावाने. मी तोंड उघडलं, गुडघा, म्हणायला. आणि मिटलं.

दोन तासांनी आल्या. ओल्याचिंब.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

बोट उलटी निघाली आहे. वन्संनी सकाळी स्वतः वाढप्याला बोलावून कॉफी मागितली आणि डेकवर जाऊन बसल्या. मी रात्रभर विचार केला होता. माफी मागून काही होत नाही. माफी म्हणजे पुन्हा मीच बोलणार आणि त्यांनी ऐकायचं.

आठला पाच मिनिटं असताना मी सुकाणूच्या खोलीत गेले. कप्तान जाड माणूस, मिशीवाला. प्रवाशांना आत यायची परवानगी नाही, म्हणाला. मी म्हटलं, मी प्रवासी म्हणून आले नाही. तो गोंधळला, तेवढ्यात फोन वाजला. मी म्हटलं, तुमचं बोलणं होण्याआधी मला एक मिनिट द्या. त्याने फोन दिला, का ते त्याला ठाऊक.

पाणमोज्या म्हणाला, "दोन मीटर दहा."

मी म्हटलं, "मी कप्तान नाही. आकडेवाल्या बाईंची वहिनी बोलतेय. तुमची चिठ्ठी मी ठेवून घेतली होती. त्यांनी ती काल वाचली."

तो म्हणाला, "बरं." रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मग विचारलं, "त्या येणार आहेत का?"

"ते त्यांना विचारा. त्यांची उत्तरं माझ्याकडून घ्यायची सवय लावून घेऊ नका, महागात पडते."

मग मी डेकवर जाऊन वन्संना म्हटलं, तुम्हाला फोन आहे. त्या उठल्या, पदर सारखा केला, गेल्या. मी बाहेर उभी राहिले. मध्ये जाड काच. त्यांची पाठ दिसत होती, फोन धरलेला हात दिसत होता, ओठ दिसत नव्हते. कप्तान भल्या माणसासारखा दुसरीकडे बघत होता. चौतीस वर्षांत वन्संचं कुणाशीही झालेलं बोलणं मला कळलं नाही असं झालं नव्हतं. आज एक शब्द ऐकू आला नाही. एकदा त्यांचे खांदे हलले, हसल्या असतील. तो काय म्हणाला असेल की त्या हसल्या?

मला हेवा वाटला. त्याचा. इतके दिवस वहीत काळजी, काळजी असं लिहीत आले. मागची पानं वाचून पाहिली, प्रत्येक ठिकाणी तो शब्द खोडून हा लिहिला तरी चालेल. खोडणार नाही. राहू दे, मुलाने कधी वाचलं तर त्याला कळेल त्याची आई कशी होती.

वन्सं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उद्या दुपारी मी तिथे उतरते. दोन महिने राहीन. पुढचं पुढे बघू." मग म्हणाल्या, "तुम्ही एकट्या जाऊ शकाल ना?"

आज पुन्हा तुम्ही. कालचं तू बरं होतं.

मी म्हटलं, बोट मलाच ढकलायची नाहीये. जाईन.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी वन्संची बॅग भरली. म्हणजे त्यांनी भरली. मी पलंगावर हात मांडीवर ठेवून बसले होते. दोनदा हात उचलला आणि दोनदा खाली ठेवला. त्या घड्या चुकीच्या घालतात, सगळं चुरगळणार आहे. लोकरीचं काहीच घेतलं नव्हतं, नदीकाठी पहाटे थंडी असते. माझी शाल खुंटीवर होती. मी म्हटलं, ही घ्यायची तर घ्या, नाहीतर राहू दे. त्यांनी जरा विचार केला आणि घेतली.

दुपारी एकला गाव आलं. धक्क्यावर पाणमोज्या उभा होता, शेजारी ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई, त्याची बहीण. त्याने धुतलेला सदरा घातला होता. कॉलर तीच, उलटवलेली. वन्सं आता ती उसवून नीट शिवणार, मला माहीत आहे. माझ्या डोळ्यांपुढे ते चित्र आलं आणि पुन्हा पोटात कळ आली. यावेळी जेवणाला दोष दिला नाही.

बोट अर्धा तास थांबणार होती. वन्सं त्याच्या बहिणीशी बोलत होत्या. मी पाणमोज्याला बाजूला घेतलं. म्हटलं, ऐका आणि लक्षात ठेवा. त्याने खिशातून पाण्याच्या नोंदींची वही काढली आणि पेन्सिलीला टोक आहे का बघितलं. हा माणूस मला आवडत नाही, पण वही काढली ते बरं केलं.

सांगितलं. डावा गुडघा, पायऱ्या उतरताना जास्त दुखतो, चढताना नाही. पाण्याच्या पायरीवर शेवाळ असेल तर आधी घासून घ्यायची, मग त्यांना बोलवायचं. सर्दी झाली की लपवतात, नाकपुडीची कड लाल होते, तिकडे लक्ष ठेवा. चालेल म्हणाल्या की चालत नसतं, पुन्हा विचारायचं. तिसऱ्यांदा विचारलं की खरं सांगतात. मी पहिल्यांदाच थांबायचे. काम संपल्याशिवाय जेवत नाहीत, म्हणून काम अर्धं टाकून तुम्हीच आधी उठा. त्यांच्या भावाबद्दल आपण होऊन विचारू नका, सांगायचं तेव्हा सांगतील. आणि कॉफीने त्यांची झोप उडते असं मी इतकी वर्षं समजत होते, तसं काही नाही.

तो सगळं लिहून घेत होता, आकडे लिहावेत तसं, एकाखाली एक. पान भरलं, उलटलं.

"अजून काही?" त्याने विचारलं.

होतं. एक होतं. वन्संबद्दलची एक गोष्ट आहे, ती मला लग्न होऊन आल्यावर दुसऱ्या वर्षी कळली. ती माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हती, मुलाला नाही आणि स्वतः वन्संनाही आपण तसं करतो हे ठाऊक नाही. ती ओठांवर आली. भला माणूस पेन्सिल धरून उभा होता.

मी म्हटलं, "नाही, एवढंच."

भोंगा झाला. वन्सं फळीपर्यंत आल्या. मला मिठी वगैरे मारायची आमच्यात पद्धत नाही. त्यांनी माझ्या झंपराचं एक बटण बघितलं, ते सैल होतं, बोटाने जरा हलवून पाहिलं आणि म्हणाल्या, "वहिनी, वेळेवर जेव."

बोट सुटली तेव्हा मी डेकवरच होते. तिघं धक्क्यावरून वर जात होती, मध्ये वन्सं. पाणमोज्या एक पायरी पुढे आणि सारखा मागे वळून पायऱ्या बघत होता. सांगितलेलं ऐकतो आहे. वळण येईपर्यंत मी उभी राहिले.

आता केबिनमध्ये लिहितेय. ती एक गोष्ट त्याला सांगितली नाही, याचं वाईट वाटायला हवं, वाटत नाही. तो एकवीस धक्के वन्संबरोबर हिंडेल, त्याच्या नजरेला पडेलच कधीतरी, तेव्हा पडो. मी सांगणार नाही. इथेही लिहीत नाही. तेवढं एक माझं.